तेरा कोसांचा अभ्यास

जालना जिल्ह्याचा आद्य धांवपटु कोण, असें कोणीं विचारल्यास आम्ही निःशंकपणें जांबच्या समर्थांकडे बोट दाखवूं. बोहल्यावर अंतरपाट धरलेला, भटजींच्या मुखांतून 'सावधान' हा शब्द निघाला मात्र, आणि बारा वर्षांचा नारायण मंडपांतून जो पळाला तो नाशिक-पंचवटीस जाऊनच थांबला, अशी कथा परंपरेनें आपल्या कानांवर आलेली आहे. त्या पळण्याचा वेळ कोणीं मोजला नाहीं, अंतराचा दाखलाहि कोणीं ठेविला नाहीं. परंतु पुढें टाकळी येथें बारा वर्षें जी उपासना झाली आणि रोजच्या सूर्यनमस्कारांची जी संख्या परंपरा सांगते, ती ध्यानांत घेतली म्हणजे एक गोष्ट कळून येते. पळण्यास एक क्षण पुरतो. त्या पळण्याचें सार्थक होण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात. आमच्या घरांत गेलीं चार वर्षें जें चाललें आहे त्याविषयीं चार शब्द लिहावयास बसलों, तों प्रथम हीच कथा आठवली.

मॅरेथॉनची शर्यत म्हणजे काय, हें आतां शाळेंतील पोरेंहि सांगतात. तरी घरांतील वडील मंडळींकरितां थोडक्यांत सांगणें बरें. ग्रीस देशांत मॅरेथॉन नांवाच्या ठिकाणीं इ. स. पूर्वीं ४९० मध्यें ग्रीकांनीं इराणी सैन्याचा पराभव केला. ही वार्ता घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धांवत गेला आणि ती सांगून गतप्राण झाला, अशी दंतकथा आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ सालीं अथेन्स येथील पहिल्या अर्वाचीन ऑलिंपिकांत ही शर्यत ठेवण्यांत आली, व ती स्पिरिडॉन लुईस नांवाच्या ग्रीक तरुणानें जिंकली. तेव्हां अंतर सुमारें ४० किलोमीटर होतें. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकांत तें २६ मैल ३८५ यार्ड झालें, आणि १९२१ पासून तेंच, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, सर्वत्र प्रमाण मानलें जातें. आपल्या जुन्या हिशेबानें तेरा कोस. जालन्याहून निघून बदनापुरास पोंचावें आणि मध्यें न बसतां परत जालन्यास यावें, म्हणजे हें अंतर जवळजवळ भरतें.

हा खेळ साहेबाचा, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल तर तेंहि खरें नाहीं. १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें झालेल्या ऑलिंपिकास हिंदुस्थानचा जो छोटासा संघ गेला, त्याचें मूळ पुण्याच्या डेक्कन जिमखान्यांत आहे. तेथील शर्यती पाहूनच आपलीं माणसें ऑलिंपिकास पाठवावींत हा विचार सर दोराबजी टाटा यांच्या मनांत आला. त्या संघांतील बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले; आणि त्या वर्षीं अंतरहि नेहमींहून अधिक, ४२.७५ किलोमीटर, होतें. त्याच शर्यतींत सदाशिव दातार हे आपले दुसरे धांवपटु होते. त्यांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. चौगुल्यांचें नांव क्वचित् कोठें तरी निघतें, दातारांचें कोणी काढीतहि नाहीं. आम्हांस मात्र त्या दोघांची आठवण बरोबरीनें होते. तें कां, हें पुढें येईल.

आतां घरची हकीकत. आमचें कुटुंब एकत्र आहे आणि एका चुलीवर बारा पानें वाढलीं जातात. आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, नव्वदीच्या घरांत असलेल्या आमच्या आत्याबाई, आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडें, असा हा परिवार आहे. मधुमेह हा आमच्या घराण्याचा जणूं कुलाचारच. आमच्या वडिलांना तो होता. दादांना चाळिशींत जडला, आणि आठ वर्षांपूर्वीं अंगठ्यास झालेली एक क्षुल्लक जखम चिघळून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालीं काढावा लागला.

धाकटी सून एका बँकेंत नोकरीस आहे. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळीं तिच्या रक्तांत साखर आढळली. प्रसूतीनंतर ती उतरली खरी. परंतु गरोदरपणीं साखर वाढलेल्या स्त्रियांस पुढें मधुमेह होण्याचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो, तेव्हां वजन आटोक्यांत ठेवा आणि रोज चाला, असें डॉक्टरांनीं बजावलें. दादांच्या खोलींत कोपऱ्याशीं उभा करून ठेवलेला कृत्रिम पाय ती रोज पाहत होती. तिला अधिक सांगावें लागलें नाहीं. २०२२ च्या पावसाळ्यांत ती पहाटे मोती तलावाच्या बाजूस चालावयास जाऊं लागली. चालण्याचें धांवणें केव्हां झालें हें तिचें तिलाहि सांगतां येणार नाहीं. वर्षभरांत १० किलोमीटर सहज होऊं लागले, तेव्हां एके दिवशीं ती म्हणाली, "अण्णा, मुंबईची मॅरेथॉन एकदां पुरी करावी असें मनांत आहे."

आम्ही म्हणालों, "मनांत आहे तर पायांतहि येईल, पण पंचांग पाहून येणार नाहीं, एवढें ध्यानांत ठेव."

साखर आटोक्यांत ठेवण्यास तेरा कोस कशाला, रोजचा दीड कोस पुरे, असें आत्याबाईंचें म्हणणें होतें, आणि तें सर्वस्वीं चूक नव्हतें. आरोग्यापुरतें पाहिलें तर मॅरेथॉनची मुळींच आवश्यकता नाहीं. परंतु व्रत घेणाराला उद्यापनाचा दिवस डोळ्यांपुढें दिसावा लागतो. नाहींतर मार्गशीर्षांतील उत्साह माघांत राहत नाहीं. शिवाय बायकांनीं एवढें धांवावें काय, हा जो आत्याबाईंचा दुसरा प्रश्न, तो त्यांचा एकट्यांचा नव्हता. साऱ्या जगानेंच तो फार वर्षें धरून ठेवला होता. ऑलिंपिकांत स्त्रियांची मॅरेथॉन प्रथम झाली ती १९८४ सालीं. आणि आपल्या महाराष्ट्रांत पाहावें तर माण तालुक्यांतील मोही या दुष्काळी गांवच्या ललिता बाबर यांनीं मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें २०१२, २०१३ व २०१४ अशीं लागोपाठ तीन वर्षें भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळविला, आणि पुढें २०१६ च्या रिओ ऑलिंपिकांत अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गांठली. बारामतीस लता करे या वयस्कर बाई नवऱ्याच्या औषधपाण्यासाठीं नऊवारी लुगड्यांत अनवाणी धांवल्या आणि ज्येष्ठांच्या गटांत पहिल्या आल्या. ही शेवटची हकीकत ऐकून आत्याबाई कांहीं वेळ गप्प बसल्या व मग म्हणाल्या, "लुगड्यांत धांवली ना? मग ठीक आहे."

दादांनीं जुन्या हिशेबाची एक कोरी वही काढली आणि तींत रकाने आंखले: तारीख, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, अंतर, शेरा. पहाटे पावणेपांचला ते ओसरीवर खुर्चींत येऊन बसत. आठवड्यांतून चार दिवस धांव, दोन दिवस घरींच अंगबळाचे व्यायाम, एक दिवस पूर्ण विसावा. रविवारीं लांब पल्ला. त्याचा वेग इतका मंद कीं धांवतां धांवतां बोलतां आलें पाहिजे. आठवड्याचें अंतर थोडें थोडें वाढवावयाचें आणि दर चौथ्या आठवड्यास मुद्दाम उतरतें ठेवावयाचें. धांवण्यानें शरीर बळकट होतें असें आपण म्हणतों. खरें म्हणजे धांवण्यानें तें झिजतें, आणि नंतरच्या झोपेंत व जेवणांत बळकट होतें.

जालन्याचे रस्ते पहाटे मोकळे असतात असें ज्याला वाटत असेल त्यानें एकदां येऊन पाहावें. पोलादाच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक रात्रंदिवस चालतात, आणि कुत्र्यांना तर धांवतें माणूस पाहिल्याबरोबर आपलें कर्तव्य आठवतें. म्हणून निजामाच्या अमदानींत बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावाकडील रस्ता आम्ही पसंत केला. सून पुढें आणि पांच-पंचवीस हात मागें सायकलीवर सासरा, हँडलला विजेची बत्ती, पिशवींत पाण्याची बाटली व हातांत काठी, हा देखावा पाहून गांवांत कांहीं दिवस विनोद झाले. विनोद करणाऱ्यांपैकीं तिघे आतां स्वतः पहाटे चालावयास येतात, म्हणून त्यांची नांवें सांगत नाहीं.

२०२३ च्या कार्तिकांत लांब पल्ला २८ किलोमीटरपर्यंत गेला असतां पहिलें विघ्न आलें. डाव्या पायाच्या नळीवर एका ठिकाणीं दुखूं लागलें. बोटानें दाबलें असतां तेवढ्याच जागीं कळ येई. विसाव्यानें ती कमी होई, धांवल्यावर वाढे. क्ष-किरणांच्या चित्रांत कांहीं दिसलें नाहीं, एम. आर. आय. तपासणींत मात्र हाडास केसाएवढी चीर आढळली. आठ आठवडे धांवणें बंद, असा हुकूम झाला. जानेवारीची शर्यत हातची गेली.

हाड म्हणजे दगड अशी आपली समजूत असते. वस्तुतः तें जिवंत बांधकाम आहे. रोजच्या भारानें जेथें ताण पडतो तेथील जुना भाग शरीर प्रथम उकरून काढतें, आणि मग त्या ठिकाणीं नवा, अधिक बळकट भाग भरतें. उकरण्याचें काम कांहीं आठवड्यांत होतें, भरण्यास मात्र कांहीं महिने लागतात. मधल्या काळांत भिंत पातळ असते, आणि तेवढ्यांतच भार वाढत गेला तर चीर जाते. दम, रक्त व स्नायु हे लवकर तयार होतात. हाड सावकाश तयार होतें. त्यामुळें धांवणाराला वाटतें कीं आपण तयार झालों, आणि हाड मात्र अजून मागच्या महिन्यांतच असतें. चीर भरून येण्यास औषध एकच, तें म्हणजे काळ. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पोटभर अन्न हे त्याचे साहाय्यक.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांत सभा भरली. आत्याबाई म्हणाल्या, "पाय मोडून घेण्यापेक्षां तुळशीला प्रदक्षिणा घाल, हव्या तर हजार घाल." आमचें कुटुंब म्हणालें, "दोन लेंकरें लहान आहेत. कायमचें अधूपण आलें तर?" मुलगा कांहींच बोलला नाहीं. सुनेनें बूट कागदांत गुंडाळून माळ्यावर ठेवण्यास काढले होते, ती म्हणाली, "माझ्यानें आतां होणार नाहीं. सगळ्यांना घोर लावून धांवण्यांत काय अर्थ आहे?"

तेव्हां दादा बोलले. ते फारसे बोलत नाहींत. म्हणाले, "माझा पाय काढावयाचा ठरला त्या दिवशीं मीं डॉक्टरांना विचारलें होतें कीं, आठ आठवडे अंथरुणावर पडून राहिलों तर वांचेल का? ते म्हणाले, ती वेळ निघून गेली. तुझी वेळ गेलेली नाहीं, सूनबाई. पाय आहे म्हणून त्याला विसावा देतां येतो. आठ आठवडे म्हणजे काय फार झाले?"

बूट माळ्यावर गेले नाहींत. दुसऱ्या दिवशीं पहाटे दादांनीं वहींत तारीख घातली आणि शेऱ्याच्या रकान्यांत लिहिलें, 'विश्रांति, दिवस १'.

आम्हीं जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें, त्यामुळें असल्या प्रसंगीं मन आपोआप त्या पुस्तकांकडे वळतें. पतंजलींनीं योगसूत्रांत साधकाच्या मार्गांतील नऊ विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांत पहिलें व्याधि हेंच आहे. संशय आणि आलस्य हींहि आहेत. आणि शेवटचीं दोन तर धांवणारांकरितांच सांगितलीं असावींत असें वाटतें: इच्छिलेली पायरी हातीं न लागणें, आणि लागलेली न टिकणें. ही गणना साधकाला भिवविण्याकरितां नाहीं. वाटेवर हीं भेटावयाचींच, भेटलीं म्हणजे वाट चुकली असें समजूं नये, एवढ्याचकरितां ती केली असावी.

त्याच ग्रंथांत चित्त आवरण्याचे दोन उपाय सांगितले आहेत, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास दृढ होण्यास तो दीर्घ काळ, आदरानें आणि खंड न पडूं देतां चालावा लागतो. येथें सुनेनें एक मार्मिक प्रश्न विचारला. "अण्णा, आठ आठवडे धांवलें नाहीं म्हणजे खंड पडलाच कीं नाहीं?" आम्हीं उत्तर दिलें कीं, खंड पायांचा पडला, वेळेचा पाडूं नको. पावणेपांचला उठण्याची जी वेळ आहे ती तशीच ठेव. त्या वेळीं जें करतां येईल तें कर. त्याप्रमाणें ती रोज ओसरीवर येऊन सतरंजी टाकी, पाठीचे, पोटाचे व दंडांचे व्यायाम करी, प्राणायाम करी, आणि घड्याळ पाहून उठे. वैराग्याचा उपयोगहि तेव्हांच कळला. धांवण्याला अभ्यास लागतो. ठरलेल्या दिवशीं न धांवण्याला वैराग्य लागतें. जानेवारीची तारीख मनांतून काढून टाकणें तिला २८ किलोमीटरहून जड गेलें.

थोरांच्या चरित्रांतहि हें सर्व आहे. १९८४ च्या त्या पहिल्या स्त्रियांच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकेच्या जोन बेनॉइट यांच्या गुडघ्यावर, त्यांच्या देशाच्या निवड शर्यतीपूर्वीं अवघे १७ दिवस, शस्त्रक्रिया झाली होती. आणि एवढें दूर तरी कशाला जावें? गोदावरी ओलांडली कीं बीड जिल्हा लागतो. तेथील आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे सैन्यांत शिरले, सियाचीनच्या थंडींत राहिले, आणि मग अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. २०१८ सालीं घोट्याच्या दुखण्यानें त्यांची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षीं त्यांनीं भुवनेश्वर येथें गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. टोकियो ऑलिंपिकांत नवा राष्ट्रीय विक्रम करूनहि त्यांना अंतिम फेरींत जागा मिळाली नाहीं. २०२२ मध्यें बर्मिंगहॅमला रौप्यपदक आणि २०२३ मध्यें हांगझोच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळालें. जुलै २०२५ मध्यें मोनॅको येथील शर्यतींत गुडघ्यास इजा होऊन त्यांस शस्त्रक्रियेस सामोरें जावें लागलें. पदकांच्या तारखा आपण लक्षांत ठेवतों. मधल्या दिवसांचा हिशेब त्या त्या घरांतील माणसेंच जाणतात.

चीर भरली आणि फाल्गुनांत धांव पुन्हां सुरू झाली, प्रथम एक मिनिट धांव व दोन मिनिटें चाल अशी. गमावलेला दम पुन्हां मिळविण्यास पहिल्याइतका काळ लागत नाहीं हें पाहून तिला धीर आला. परंतु वैशाखांत दुसरें विघ्न आलें. जिना चढतांना धाप लागूं लागली, वेग उतरला, मन उदास झालें. रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन ९.८ निघालें. स्त्रियांत तें १२ च्या खालीं गेलें म्हणजे पंडुरोग समजतात. लोह हें रक्तांत प्राणवायु वाहून नेणाऱ्या द्रव्याचा भाग आहे. स्त्रियांचें तें दर महिन्यास जातें, आणि लांब धांवणारांचें थोडें घामांतून व थोडें तळपायांच्या आघातांनीं रक्तकण फुटूनहि जातें. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या. आमच्या कुटुंबानें मुदपाकखान्याची सूत्रें हातीं घेतलीं. अहळिवाचे लाडू, तीळ, मसुराची उसळ, हिरव्या पालेभाज्या, आणि प्रत्येक जेवणांत लिंबाची फोड, कारण आंबटांतील क जीवनसत्त्वानें अन्नांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. जेवणाबरोबरचा चहा बंद झाला, कारण चहानें तें अडतें. लिंबू नसेल तेव्हां मोसंबी. आणि मोसंबीला आमच्या जिल्ह्यांत तोटा नाहीं. भाद्रपदापर्यंत आंकडा १२.४ वर आला.

तिसरें विघ्न सर्वांत कठीण, कारण तें सर्वांच्या देखत आलें. जानेवारी २०२५ मध्यें ती मुंबईस धांवली. ३० किलोमीटरपर्यंत सर्व सुरळीत होतें. पुढें पाय जड झाले, आणि ३४ व्या किलोमीटरपाशीं मांड्यांत गोळे येऊन ती रस्त्याच्या कडेला बसली ती उठूं शकली नाहीं. स्वयंसेवकांनीं तिला गाडींतून आणलें. राहिलें होतें आठ किलोमीटरच्या वर थोडेंसें. मोती तलावाच्या बाजूस ती रोज एवढें धांवत असे.

याचीं कारणें शरीरशास्त्रांत सांपडतात. यकृतांत आणि स्नायूंत साखरेचा जो सांठा असतो तो बहुतेकांचा ३० ते ३५ किलोमीटरच्या सुमारास संपत येतो. वाटेंत कांहीं खाऊन त्याची भर केली नाहीं तर शरीर एकाएकीं हात टेकतें. त्यांत जालन्याची जानेवारीची पहाट कोरडी व थंड, आणि मुंबईची दमट. दमट हवेंत घाम गळतो पण वाळत नाहीं, आणि घाम वाळला नाहीं तर अंग थंड होत नाहीं. पण कारणें कळल्यानें दुःख लगेच कमी होतें असें नाहीं. परतीच्या गाडींत ती जालन्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली होती.

घरीं शेजारची मंडळी जमली होती. निरांजन तयार होतें. ती उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाली, "ओवाळूं नका. मीं पुरी केलेली नाहीं." तेव्हां आत्याबाई काठी टेकीत पुढें आल्या. म्हणाल्या, "पंढरीला निघालेला जो वाखरीला आजारी पडून राहिला, तो काय वारकरी नव्हे?" आणि नव्वदीच्या त्या बाईनें थरथरत्या हातांनीं तिला ओवाळलें. आम्हांस त्या क्षणीं सदाशिव दातार आठवले. अँटवर्पच्या त्या रस्त्यावर ते कोठें थांबले, आणि थांबल्यावर त्यांना कोणीं काय म्हटलें असेल, हें कोण जाणे. पण आरंभाच्या रेषेवर ते चौगुल्यांच्या इतकेच उभे होते. दादांनीं वहींत ३४ हा आंकडा मांडला. शेऱ्याचा रकाना त्यांनीं कोरा ठेविला.

पुढचें वर्ष शांतपणें गेलें. श्रावण-भाद्रपदांतील दमट पहाटे तिनें लांब पल्ले मुद्दाम घेतले. वाटेंत दर पाऊण तासानें दोन खजूर किंवा गुळाचा खडा, आणि मीठ-साखर-लिंबाचें पाणी बेतानें घेण्याची संवय केली. नुसतें साधें पाणी अतोनात पिणेंहि घातक असतें, कारण त्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें. ३२ किलोमीटरचे तीन पल्ले झाले. शर्यतीपूर्वीं तीन आठवडे धांव उतरती केली. जानेवारी २०२६ मध्यें तिनें मुंबईस ४२.१९५ किलोमीटर पुरे केले. वेळ लागला ५ तास ११ मिनिटें. हा वेळ कोठेंहि छापून यावा असा नाहीं, आणि तिच्या आधीं हजारों माणसें पोंचलीं होतीं. दादांनीं आंकडा लिहिला आणि शेऱ्यांत दोनच शब्द घातले: 'पाय शाबूत'. तीन महिन्यांच्या सरासरीची साखर या खेपेसहि मर्यादेंत निघाली आहे. त्यावरून धोका टळला असें कोणी समजत नाहीं. दर वर्षीं तपासणी चालूच राहील.

आतां दोन शब्द ज्या घरांत असा कोणी धांवणारा असेल त्या घराकरितां. चाळिशी उलटलेल्यानें किंवा ज्याला हृदयाचा, रक्तदाबाचा वा साखरेचा विकार आहे त्यानें प्रथम डॉक्टरांकडे जावें, मग रस्त्यावर. स्नायु सर्वत्र दुखतात तें दोन दिवसांत जातें. हाड एकाच जागीं दुखलें तर त्याच दिवशीं थांबावें. मुलगा असो वा सून असो, तो वा ती पहाटे बाहेर पडते तेव्हां घरांतील कोणी तरी जागें असावें. उत्तेजनाचीं भाषणें नकोत, परत आल्यावर पाणी पुढें करणारा एक हात पुरे. आणि विघ्न आलें म्हणजे 'आम्हीं सांगितलें होतें' हें वाक्य वडील माणसांनीं गिळून टाकावें. चालण्याचें बळ ज्याचें त्यानें कमवावें लागतें. थांबण्याचें बळ घरांतून मिळालें तर अधिक टिकतें. एकत्र कुटुंबाचे दोष पुष्कळ आहेत आणि ते सांगणारेहि पुष्कळ आहेत. पण आठ आठवड्यांची विश्रांति बारा माणसांत वांटली गेली म्हणजे ती एकाच्या अंगावर पडत नाहीं, हा अनुभव लिहून ठेवण्याजोगा वाटला.

थोरला नातू चौदा वर्षांचा आहे. काकूचें पाहून तोहि आतां पावणेपांचला उठतो, आणि मुंबईस आपण केव्हां जावयाचें म्हणून विचारतो. पुरी मॅरेथॉन धांवण्यास तेथें अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात, असें आम्हीं त्याला सांगितलें आहे. तोंवर मोती तलाव आहे, सायकल आहे, आणि दादांच्या वहींत कोरीं पानेंहि पुष्कळ शिल्लक आहेत.